धुरातली नारिंगी साल

ज्या रविवारी चिनात्सु डोंगरावरच्या रेसिंग सर्किटला जायची, त्या रविवारी तोकिको फ्रिज धुवायला काढायची. सगळे कप्पे बाहेर, दाराच्या रबराच्या घडीत अडकलेला कण न् कण काडीने टोकरून बाहेर. संध्याकाळी दारात "आले गं" असा आवाज आला की मगच ती कप्पे परत लावायची. तीन वर्षं हे चाललं होतं. इतका स्वच्छ फ्रिज त्या गावात दुसरा नसेल.

चिनात्सु तिची एकुलती लेक, सव्वीस वर्षांची, टायरच्या दुकानात कामाला. तिचा छंद म्हणजे गाडी आडवी घालून, मागची चाकं घासत, धुराचे लोट उडवत एकामागून एक वळणं घसरत काढायची. तिचे बाबा मोरिओ गावच्या बसवर एकतीस वर्षं ड्रायव्हर होते. "एकतीस वर्षांत माझ्या आरशालासुद्धा ओरखडा नाही," ते जेवताना म्हणायचे, "आणि ही बघा, दर रविवारी तुटका बंपर काखेत मारून घरी येते."

"बाबा, तुमच्या बसला वळण आलं की लोक झोपायचे. माझ्या गाडीला वळण आलं की लोक टाळ्या वाजवतात."

तोकिको हसायची नाही. एकदा चिनात्सूने तिला फोनवर एक तुकडा दाखवला होता. दोन गाड्या, एकीच्या दाराशी दुसरीचं नाक, मध्ये हातभर अंतर, आणि पुढच्या गाडीच्या चाकांतून निघालेला पांढरा धूर. त्या धुरात मागची गाडी पार बुडाली होती.

"मागच्या माणसाला दिसतं का गं यात?"

"दिसतं की. थोडंसं."

तो "थोडंसं" तोकिकोच्या मनात काट्यासारखा रुतून बसला. गाडी धुरात गिरकी खाऊन आडवी थांबली आणि मागचीला ती दिसलीच नाही तर? लेकीला थांबवायची हिंमत तिच्यात नव्हती, आणि खरं सांगायचं तर इच्छाही नव्हती. शाळेत असताना ही पोरगी सहा महिने कुणाशी धड बोलली नव्हती. गाडीच्या नादाने ती बोलायला लागली, हसायला लागली. ते हसू तोकिकोला कुठल्याही किमतीला हवं होतं. फक्त त्या हसण्याला धुरात कुणी धडक देऊ नये, एवढंच.

त्या सप्टेंबरात चिनात्सूला पहिल्यांदाच बायकांच्या मोठ्या मेळाव्यात नाव घालायला मिळालं. मेळावा नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी. अट एकच, गाडी ठीकठाक दिसली पाहिजे, आणि तिचा फोटो दहा दिवस आधी पाठवायचा. चिनात्सूची गाडी तिसऱ्या मालकाकडून आलेली, अंगावर आधीच्या मालकाचे अर्धवट सोललेले स्टिकर, एक दार निळं, एक राखाडी.

"सोपं आहे," चिनात्सु म्हणाली, "सगळीला काळा रंग मारून टाकते."

"काळी नको," तोकिको एवढ्या जोराने म्हणाली की मोरिओंच्या हातातला चहा हिंदकळला.

"मग काय, गुलाबी?"

"मी करते."

"तू काय करतेस?"

"गाडीवरचं चित्र. मी करून देते."

बापलेकींनी एकमेकांकडे पाहिलं. तोकिको शाळांच्या जेवणाच्या मुदपाकखान्यात आहारतज्ज्ञ होती. दर महिन्याच्या जेवणाच्या तक्त्यावर दुधाची बाटली, मुळा, मासा अशी बोटाएवढी चित्रं ती कॉम्प्युटरवर स्वतः काढायची. चित्रकलेशी तिची ओळख एवढीच.

दुसऱ्या दिवशी चार वाजता मुदपाकखाना बंद झाल्यावर ती इगाराशी-सानच्या दुकानात गेली. इगाराशी गावचे पाट्या रंगवणारे, 'सान' हे मानाने लावलेलं. वय एकाहत्तर. चाळीस वर्षं त्यांनी ब्रशने पाट्या लिहिल्या. मग ब्रशचं काम कुणी मागेना, तेव्हा पंचावन्नाव्या वर्षी ते कॉम्प्युटर शिकले आणि गाड्यांवरचे स्टिकर कापायला लागले. त्यांचा मुलगा शाळेत असताना तोकिकोच्या हातचं जेवलेला, म्हणून ते तिला "बाई" म्हणत.

"काय बाई, मुदपाकखान्याची पाटी पडली की काय?"

तिने सगळं सांगितलं. धुराचंही सांगितलं. इगाराशी-साननी मान खाली घालून ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे तुम्हाला सुंदर गाडी नकोय. दिसणारी गाडी हवीय."

"सुंदर झाली तर ती खूश होईल," तोकिको म्हणाली. "दिसली तर मी."

दुकानामागे शेतकऱ्याने भाताच्या तुसाचा ढीग पेटवून ठेवला होता. असा ढीग दिवसभर धुमसतो आणि पांढराशुभ्र धूर सोडतो. इगाराशी-साननी आपल्या व्हॅनच्या अंगावर सहा रंगांच्या पट्ट्या चिकटवल्या आणि व्हॅन त्या धुराच्या पलीकडे नेऊन उभी केली. दोघं खोकत, डोळे पुसत अलीकडे उभे राहिले. पांढरी पट्टी पहिल्यांदा गेली. मग पिवळी राखाडी होऊन गेली, निळी गेली. काळ्याचं नुसतं सावट उरलं. शेवटपर्यंत दिसत राहिली ती एकच, नारिंगी.

"ठरलं," इगाराशी-सान म्हणाले. "आता चित्र आणा."

तोकिकोने नारिंगी रिबन काढली, पुढच्या चाकापासून मागच्या बंपरपर्यंत लहरत जाणारी. घरच्या पडद्यावर ती छान दिसत होती. इगाराशी-साननी तीच वाढवून गाडीच्या मापाने छापली आणि भिंतीला लावली. जवळून पाहिलं तर कडा पायरी-पायरीने चढत होती.

"बाई, ही रिबन आहे की डोंगरावरच्या देवळाच्या पायऱ्या?"

"काल तर गुळगुळीत होती!"

"काल बोटाएवढी होती. तुम्ही ठिपक्यांचं चित्र केलंत. चित्र वाढवलं की ठिपकेही वाढतात. गाडीसाठी रेघेचं चित्र करायचं. रेघ डोंगराएवढी ताणा, रेघच राहते."

मग त्यांनी तिला आपल्या खुर्चीत बसवलं. सॉफ्टवेअरमध्ये एक पेन असतं. पडद्यावर एक बिंदू ठेवायचा, माउस दाबून धरून ओढायचा, की त्या बिंदूला दोन्ही बाजूंनी मिशा फुटतात. मिशी जिकडे आणि जेवढी ओढाल तिकडे रेघ वाकते. ऐकायला सोपं होतं. करताना मात्र रेघ तिसरीकडेच पळायची. तोकिको आठवड्यातून तीनदा चारच्या पुढे त्या दुकानात बसू लागली. सत्तावन्नाव्या वर्षी ती पुन्हा विद्यार्थिनी झाली. चुकीचं बटण दाबून तिने दोनदा सगळी रिबन पुसली. एकदा तर दुकानाची आख्खी पाटीच तिच्या फाइलमध्ये येऊन बसली. इगाराशी-सान एका शब्दाने रागावले नाहीत. फक्त पाठीमागे हात बांधून उभे राहायचे आणि म्हणायचे, "परत."

ऑक्टोबर संपताना रिबन तयार झाली. कडेला पायऱ्या नव्हत्या, पण काहीतरी बोचत होतं. ती छापील पट्टी तिने घरच्या भिंतीला लावली आणि मोरिओंना विचारलं, "बाबा, काय खटकतंय सांगा." लेक झाल्यापासून ती नवऱ्याला बाबाच म्हणायची.

मोरिओंनी चष्मा कपाळावर चढवला, पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले आणि परत आले. "गाडी छान चाललीय. पण ड्रायव्हर दर दहा फुटांना ब्रेक मारतोय. माझे प्रवासी ओकले असते."

तेच तिने दुसऱ्या दिवशी दुकानात सांगितलं. इगाराशी-साननी फाइल उघडली आणि रेघेवरचे बिंदू मोजायला सांगितले. कॉम्प्युटरनेच मोजून दिले. दोनशे चौदा.

"दोनशे चौदा," ते म्हणाले. "एका रिबनला. का हो बाई?"

"मध्ये जागा सोडली की रेघ भलतीकडे जाते. मला भीती वाटते."

"म्हणून बोटाबोटावर खिळा ठोकलात. प्रत्येक खिळ्यापाशी रेघ अडखळते. कमी करा."

"किती कमी?"

"ते मी नाही सांगणार. ब्रशने लिहिताना मला कुणी सांगितलं नव्हतं."

तोकिको घरी गेली ती हिरमुसूनच. फोटो पाठवायला पंधरा दिवस उरले होते. निम्मे बिंदू काढले तर रिबन सापासारखी वळवळायची. सगळे काढून पुन्हा सुरुवात केली तर भीतीने पुन्हा खिळे ठोकले जायचे. चिनात्सु तिच्या मागे उभी राहून म्हणाली, "आई, राहू दे गं. काळा रंग मारते. एका दुपारचं काम आहे."

"पंधरा तारखेपर्यंत थांब," तोकिको म्हणाली. "पंधरा तारखेपर्यंत काळ्या रंगाचा डबा उघडायचा नाही."

नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी ती नेहमीप्रमाणे भावाकडे पर्सिमन सोलायला गेली. तिचं माहेर वाळवलेल्या पर्सिमनचं. टोमॅटोएवढी नारिंगी फळं सोलून दोरीला बांधायची आणि माळा माडीवर टांगायच्या. विकायच्या मालासाठी आता यंत्र आलं आहे, पण घरच्या माळेची फळं अजून हातानेच सोलतात. तोकिको ओसरीवर बसली, सुरी घेतली आणि पहिलं फळ हातात धरलं. सहा वर्षांची असल्यापासून हे ती करत आली होती. सुरी धरलेला हात हलत नाही. हलतं ते फळ. डाव्या हाताने फळ फिरवत राहायचं, साल आपोआप उतरते. मध्येच घाबरून सुरी थांबवली की तिथे सालीला खाच पडते, आणि खाच पडली की साल तुटते.

ती थांबली. मांडीवर पडलेली लांबच लांब साल तिने उचलली. एक अखंड लहर, बाहेरून गडद नारिंगी, आतून फिकट. तिने ती ओसरीच्या फळीवर पसरली आणि बोटाने मोजायला लागली. लहर कुठे सुरू होते, कुठे वर येते, कुठे खाली वळते, कुठे संपते. चार ठिकाणं.

"काय हरवलंय वन्सं?" भावाची बायको हसून म्हणाली. "साल मोजून देणार का मला?"

"एक साल घरी नेऊ का?"

"साल? न्या की. फळ राहू दे, साल न्या!"

ओल्या रुमालात गुंडाळून तिने ती साल घरी आणली, टेबलावर पसरली, फोटो काढला आणि कॉम्प्युटरवर चढवला. त्याच्यावर पेन ठेवलं. पहिला बिंदू, आणि लांब मिशी. मग हात आवरून तिने पुढची अख्खी लहर मोकळी सोडली. दुसरा बिंदू थेट फुगवट्याच्या माथ्यावर. तिसरा. चौथा. रेघ कुठेही भलतीकडे गेली नाही. सालीच्या कडेवर अशी बसली की जणू तिथेच वाढली होती.

सोमवारी इगाराशी-साननी ती पाहिली. पाठीमागचे हात सुटले. त्यांनी हवेतच एक बोट त्या रेघेवरून फिरवलं, ब्रश धरल्यासारखं.

"परत," तोकिको सवयीने म्हणाली.

"नाही," ते म्हणाले. "आता नाही."

मग गाडीवर बसवायची वेळ आली. गाडीचा फोटो तिने अंगणात उभं राहून काढला होता, आणि त्यात पुढचं चाक परातीएवढं, मागचं बशीएवढं आलं होतं. इगाराशी-साननी तिला रस्त्यापलीकडे, कापणी झालेल्या भाताच्या शेतात पार टोकाला पाठवलं. "लांब जा, तिथून झूम करून काढा. जवळ उभं राहिलं की माप चुकतं." बुटांना चिखल लागून ती परत आली तेव्हा फोटोत दोन्ही चाकं सारखी होती. त्या फोटोवर तिने साल मांडली. दाराची मूठ सालीच्या आतल्या फिकट भागात येईल, दोन दारांमधली फट वळणाबरोबर जाईल, पेट्रोलचं झाकण पूर्ण नारिंगीत लपेल, असं बघून बघून. डावी बाजू झाल्यावर तीच उलटवून उजवीकडे.

तेरा तारखेला अंगणात स्टिकर लागला. आधी मूळ गाडी सगळी पांढरी केली होती. साबणाचं कोमट पाणी, रबरी पट्टी, गरम हवेचा पंप. चिनात्सु ओढून बसवायला घाईची, तिच्या हाताखाली फुगे राहायचे. शेवटी मोरिओ पुढे आले, रबरी पट्टी हातात घेतली आणि एकाच वेगाने, एकाच दाबाने, न थांबता पुढून मागे गेले. एकही फुगा नाही.

"बाबा!" चिनात्सु म्हणाली.

"एकतीस वर्षं," मोरिओ एवढंच म्हणाले.

गाडी पूर्ण झाल्यावर चिनात्सु दोन पावलं मागे सरली आणि तिने साल या टोकापासून त्या टोकापर्यंत न्याहाळली.

"आई, ही पर्सिमनची साल आहे ना?"

"हो."

"लोक हसतील."

"हसू देत. दिसेल तरी."

चिनात्सूने सालीवरून हात फिरवला. फट ओलांडताना बोट कुठेही अडखळलं नाही. "किती गुळगुळीत आहे गं," ती हळूच म्हणाली. आणि मग नेहमीच्या आवाजात, "बघायला येशील?"

"त्या दिवशी फ्रिज—"

"फ्रिज स्वच्छ आहे, आई. फ्रिजला पण एक सुट्टी दे."

फोटो गेला, प्रवेश मिळाला. शेवटच्या रविवारी तोकिको आणि मोरिओ सर्किटच्या बांधावर गवतात चटई टाकून बसले. थंडी होती. तिने गाजराचे आणि सुक्या माकुळ माशाचे काप सोया सॉसमध्ये मुरवून डबा भरून आणले होते, पण डब्याचं झाकण तिने उघडलंच नाही, नुसतं हातात धरून ठेवलं.

सरावाच्या दुसऱ्या फेरीत चिनात्सूच्या मागे नीगाताहून आलेल्या मिनोरी नावाच्या मुलीची गाडी होती. पहिलं वळण सुरेख गेलं. दुसऱ्यात धूर दाटला. तिसऱ्या वळणावर चिनात्सूचं मागचं टोक भिंतीला घासलं, काहीतरी तुटून उडालं, गाडी गर्रकन फिरली आणि रस्त्यात आडवी थांबली. आणि तिच्यावर सगळा धूर येऊन बसला.

तीन वर्षं तोकिको फ्रिज धुताना जे मनात बघत होती ते आता समोर होतं. धुरात गाडी नव्हती. काही म्हणजे काही नव्हतं. फक्त एक नारिंगी लहर होती, अखंड, हवेत तरंगल्यासारखी. त्याच क्षणी धुरातून मिनोरीच्या गाडीचं नाक बाहेर आलं, ते नाक एकदम डावीकडे झुकलं, गाडी गवतात उतरली, दोन हेलकावे खाऊन थांबली.

सगळं शांत झालं. मग आडव्या गाडीच्या खिडकीतून एक हात बाहेर आला आणि हलला.

मोरिओंनी तोकिकोच्या हातातला डबा काढून घेतला. तिची बोटं झाकणावर इतकी आवळली होती की ती एकेक करून सोडवावी लागली.

थोड्या वेळाने गाड्या ठेवायच्या जागी ते गेले तेव्हा मिनोरी हेल्मेट काखेत घेऊन आली. "हे नारिंगी चित्र कुणी केलंय?"

तोकिकोला वाटलं, ही आता भांडणार. ती कमरेत वाकली. "मी केलंय. मुलीमुळे तुम्हाला त्रास झाला, माफ करा."

"अहो काकू, माफी कसली!" मिनोरी तिच्याहून खाली वाकली. "मला गाडी दिसलीच नव्हती. धुरात हे एवढं नारिंगी आडवं दिसलं. म्हणजे गाडीची बाजू माझ्याकडे आहे, ती थांबलीय, हे कळलं. तशी मी वळवली. नाहीतर..." ती थांबली. "आभार मानायला आले. ते गाजर आहे का?"

"पर्सिमन," चिनात्सु, मोरिओ आणि तोकिको एकदम म्हणाले.

आणि मग तोकिकोला रडू आलं. तिने घाईने डबा उघडला आणि मिनोरीला गाजर खायला घातलं. मिनोरीने सगळा डबा संपवला.

दुसऱ्या दिवशी चार वाजता ती इगाराशी-सानच्या दुकानात गेली. हातात ताज्या भरलेल्या गाजर-माकुळाचा मोठा डबा होता. दारातच ती वाकली आणि बराच वेळ वर आलीच नाही.

"बाई, पाठ धरेल," इगाराशी-सान म्हणाले. "काय झालं ते गावाला कळलंय. मोरिओ सकाळी येऊन गेला. तासभर बोलत होता. तीस वर्षांत तो माझ्याशी एवढा बोलला नव्हता."

"तुम्ही नसता तर..."

"मी काय केलं? 'परत' म्हणालो." त्यांनी डबा उघडून वास घेतला आणि बंद केला. "बंपर गेला म्हणे."

"मागचा डावा. सालीची शेपटी गेली त्याच्याबरोबर."

इगाराशी-सान यंत्रापाशी गेले, नारिंगी गुंडाळी चढवली, तिची फाइल उघडली. पडद्यावर रेघ आली, चार बिंदूंची. "शेपटीचे किती तुकडे कापू?"

"एक," तोकिको म्हणाली.

"दहा कापतो."

"दहा? एवढे कशाला?"

"ती आणखी तोडणार, बाई."

तोकिकोने मनात मोजलं. दहा वेळा भिंत. दहा वेळा धूर. मग तिला दारातला आवाज ऐकू आल्यासारखा झाला. दर तुटलेल्या बंपरमागे संध्याकाळचं एक "आले गं" होतं. बंपर काखेत मारून जो कुणी घरी येतो, तो घरी येतोच.

"दहा कापा," ती म्हणाली.

यंत्राचं पातं नारिंगी कागदावरून फिरू लागलं, न थांबता, न अडखळता. ती गुंडाळी काखेत मारून तोकिको घरी गेली.

हिवाळ्यात डोंगरावर बर्फ होतं, सर्किट बंद होतं. मार्चमध्ये ते उघडलं त्या पहिल्या रविवारी चिनात्सु पहाटेच गेली. तोकिकोही बघायला दहा वाजता निघणार होती, मोरिओ गाडी काढत होते. मध्ये अर्धा तास होता. तेवढ्यात तिने फ्रिज उघडला, क्षणभर आत पाहिलं आणि फक्त भाजीचा कप्पा धुतला.